टोळीच्या पेंडीची कुळकथा

मोहाची फुलं चैत्रात वेचून होतात. मृगाच्या आसपास फळ पिकून पडू लागतं, तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात दुसरी वेचणी सुरू होते, टोळीची, म्हणजे मोहाच्या बियांची. गर वटवाघळं आणि माकडं खातात. माणसं बी घेतात. टरफल फोडून आतली डाळ वाळवायची आणि घाणीला न्यायची. हे तेल इथल्या कित्येक घरांत आजही भाजीला पडतं. मागे उरते ती पेंड, आणि तिला कोंबडी खाद्यात आणण्याची खटपट बरीच जुनी आहे.

पेंडीचा पहिला उपयोग मात्र मारण्याचा. कुटून डोहात टाकली की मासे उलटे होऊन वर येतात. पेंडीतलं सॅपोनिन कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि तांबड्या पेशी फोडतं. ते मासे खाणाऱ्याला बाधत नाहीत, कारण आतड्यातून सॅपोनिन फारसं शोषलं जात नाही. मत्स्यशास्त्राने हा उपाय जसाच्या तसा उचलला: मत्स्यबीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे काढायला मीटरभर खोल पाण्यात हेक्टरी सुमारे २,५०० किलो मोहपेंड टाकतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती थेट इंग्लंडातल्या गोल्फच्या हिरवळींवर पोचली होती. पेंड पसरून पाणी मारलं की गांडुळं वर येत आणि माळी ती झाडून नेत. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा प्रकार सांगितला तर तो कपाळावर हात मारून घेईल.

कोंबडीपर्यंत गोष्ट आली ती टंचाईमुळे. कोंबडीपालनाचा धंदा झाला आणि मका, शेंगदाण्याची पेंड यांसाठी माणूस नि पक्षी एकाच बाजारात उभे राहिले. सत्तरच्या दशकात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने झाडांच्या बियांकडे लक्ष वळवलं: मोह, करंज, कडुनिंब, साल, चिंचोका. १९७९मध्ये इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था उभी राहिली, तिथेही हे काम चाललं. सगळीकडे अडचण एकच निघाली. प्रथिनं आहेत, पण सोबत विष किंवा कडवटपणा आहे: मोहात सॅपोनिन, करंजात करंजिन, सालात टॅनिन.

मग प्रक्रिया आल्या. करंज-निंबोळीची पेंड कॉस्टिक सोड्याच्या सौम्य पाण्यात भिजवायची, किंवा युरियाच्या पाण्याने ओलावून काही दिवस झाकून ठेवायची. मोहाची पेंड गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची. प्रयोगशाळेला हे नवं होतं. गडचिरोलीच्या बायकांना नव्हतं. कडू कांदा या रानकंदाच्या चकत्या उकडून वाहत्या ओढ्यात ठेवायच्या आणि कडूपणा गेला की खायच्या, ही रीत या जंगलांत किती पिढ्यांची! अडचण इतकीच की धुताना कडूपणाबरोबर थोडी प्रथिनं आणि साखरही वाहून जाते, आणि ओलं झालेलं पुन्हा वाळवायचं तर ऐन पावसाळा डोक्यावर असतो.

ब्रॉयलरला असं खाद्य सोसतं का? थोडंसं. गावठी कोंबडीला वर्षभर वेळ असतो. ब्रॉयलरने सहा आठवड्यांत दोन किलो व्हायचं असतं. कडू लागलं की तो कमी खातो आणि वजन तिथेच मार खातं. आज खाद्यात मुख्य असलेल्या सोयापेंडीत ४४ ते ४८ टक्के प्रथिनं असतात, मोहपेंडीत त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा कमीच. म्हणून सोयाला पर्याय हा शब्द मला मोठा वाटतो. सोयाच्या जोडीला म्हणावं.

तरी विषय संपत नाही. ब्रॉयलरच्या खर्चात दोन तृतीयांश वाटा खाद्याचा. २०२१मध्ये सोयाबीन इतकं भडकलं की केंद्राला १२ लाख टन जनुक-सुधारित सोयापेंडीच्या आयातीला परवानगी द्यावी लागली. अशा वर्षी पाच टक्के खाद्य जंगलातून मिळालं तरी कोंबडीवाल्याला हलकं वाटेल, आणि टोळी वेचणारीला पेंडीचे चार पैसे मिळतील. मात्र कुणाला करून पाहायचं असेल तर घाणीवरची कच्ची पेंड पिल्लांपुढे टाकू नका. धुवा, वाळवा, पशुवैद्यक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि आधी थोड्याच पक्ष्यांना द्या.