जुन्या गाडीच्या कागदावर नाव कोणाचं?



पेण आणि रोहा तालुक्यांतल्या बचत गटांत बसलं की आता कर्जाच्या अर्जात एक नवं कारण ऐकू येतं. पूर्वी शिलाई मशीन, म्हैस, पापडाचं सामान एवढंच असायचं. आता कुणाला पोह्याचे पापड आणि मिरगुंडं बाजारात पोचवायला जुनी ओम्नी हवी असते, तर कुणाला सासूबाईंना दवाखान्यात न्यायला लहान गाडी. ‘ताई, जुनी गाडी पारखायची कशी?’ असं सगळ्या विचारतात. ते आज सांगणारच आहोत. पण त्याआधी ही जुनी गाडी आपल्या दारापर्यंत आली कशी, ते ऐका. पारखायचं काय, हे त्या गोष्टीतूनच समजतं.

ही गोष्ट खाडीपलीकडे, मुंबईत सुरू होते. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. १९४७ मध्ये तिथून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्याच सुमारास महिंद्र कंपनी मुंबईत जीप जोडू लागली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर गाड्या होऊ लागल्या. आपल्या आईवडिलांनी पाहिलेली फियाट ती हीच. सत्तरच्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं.

त्या काळी किती गाड्या बनवायच्या ते सरकारी परवान्यावर ठरे. पैसे भरून नाव नोंदवलं तरी गाडी हाती यायला वर्षं लागत. त्यामुळे एक उलटाच व्यवहार चाले. दारात उभी असलेली वापरलेली फियाट कधी कधी नव्या गाडीपेक्षा महाग विकली जाई, कारण ती आज मिळत होती आणि नवी कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. जुनी गाडी म्हणजे स्वस्त गाडी, हा अर्थ तेव्हा नव्हताच. गाडी असे ती डॉक्टरांकडे, ठेकेदाराकडे, नाहीतर सरकारी साहेबाकडे. बाकी सगळ्यांना लाल एसटी. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली आणि पुढे गावोगाव पोचली. एसटी जिथे थांबत नव्हती तिथे नंतर मिनीडोर आली. बाईच्या नावावर चारचाकी, हा विषयच निघत नसे.

हे बदललं ते मारुतीमुळे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली. पुढच्याच वर्षी मारुतीची व्हॅन आली, तीच आपली ओम्नी. ती २०१९ पर्यंत निघत होती. १९९१ नंतर आर्थिक धोरण सैल झालं आणि १९९३ मध्ये मोटारींच्या उत्पादनावरचा परवाना उठला. कंपन्या वाढल्या, बँका गाडीला कर्ज देऊ लागल्या, जुनी देऊन नवी घ्यायची पद्धत आली. नवी गाडी मागेल तेव्हा मिळू लागली, तशी जुनीची किंमत उतरली. २००१ मध्ये तर मारुतीने जुन्या गाड्या विकायची स्वतःची दुकानं सुरू केली. आपल्या ऐपतीतली जुनी गाडी ही अशी गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली गोष्ट आहे.

आता पारख. फियाटच्या काळात मेकॅनिक कानाने गाडी ओळखत असे. कार्बोरेटर उघडायचा, पुसायचा, बसवायचा. इंजिनाचं काम पुन्हा पुन्हा करता येई. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले. कार्बोरेटर जाऊन इंधन सोडायचं काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे गेलं. त्यामुळे आजची गाडी बघताना मेकॅनिक सोबत हवाच, आणि त्याच्याकडे दोष वाचायचं स्कॅनर यंत्रही हवं. त्याला द्यावे लागणारे पैसे वाया जात नाहीत.

काही गोष्टी मात्र आपल्यालाही बघता येतात. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघा. आधीच गरम करून ठेवली असेल तर का, ते विचारा. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळतंय असं समजा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी टायर किती जुना आहे ते तिथे कळतं. सीएनजीचं किट नंतर बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का, आणि टाकीची दर तीन वर्षांची तपासणी झाली आहे का, ते बघा.

आपल्या भागात दोन शत्रू जास्तीचे आहेत: खारी हवा आणि पाणी. खारेपाटात, मिठागरांच्या बाजूला पत्रा लवकर गंजतो. म्हणून वरच्या रंगावर जाऊ नका. दाराच्या खालची कड, पायाखालच्या चटईखालचा पत्रा आणि गाडीचा तळ बघा. दुसरं, पुरातली गाडी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईपासून महाडपर्यंत हाहाकार झाला. जुलै २०२१ मध्ये महाड पुन्हा बुडालं. पाण्यात गेलेली गाडी धुऊनपुसून पुन्हा बाजारात येऊ शकते. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ दिसते. सीटखालचे स्क्रू आणि स्टेपनीची जागा बघा. आत कुबट वास येत असेल तर सरळ परत फिरा.

पण मैत्रिणींनो, इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं. कागद बिघडला तर घर अडचणीत येतं. नावावर न करता, सह्या केलेले फॉर्म घेऊन गाडी हातोहात पुढे विकायची सवय आपल्याकडे जुनी आहे. कायदा मात्र स्पष्ट आहे. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म आहेत. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेचा ना-हरकत दाखला लागतो. आपली तर सोयच आहे. एमएच ०६ म्हणजे रायगड, आणि त्याचं कार्यालय पेणलाच आहे.

हे न केल्याने काय होतं? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकली गेली, पण नोंद पहिल्याच मालकाची राहिली. गाडीचा अपघात झाला. न्यायालयाने सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे तुम्ही गाडी विकत असाल तर पैसे हातात आले म्हणून सुटलात असं नाही. घेत असाल तर आरसी, विमा, पीयूसी, थकलेले ई-चलान आणि चासी नंबर जुळल्याशिवाय इसार देऊ नका. विमाही नावावर करून घ्या. आणि पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाड्याने माणसं नेऊ नका. अपघात झाला तर विम्याचे पैसे तिथेच अडतात.

आता आम्हाला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. कर्ज गटातून, म्हणजे बाईच्या नावावर. हप्ता तिच्या पापडातून, तिच्या शिलाईतून. आणि आरसीवर नाव? बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाचं. कधी तर आधीच्या मालकाचंच. सातबारावर नाव हवं हे आपण शिकलो, मग आरसीवर का नको? भांडायची गरज नाही. अर्ज भरतानाच घरात बोला: फेडणार मी, तर नाव माझं. बाईला गाडी चालवता येत नसली तरी गाडी तिच्या नावावर होऊ शकते. आणि गाडी पतीच्या नावावर आधीच असेल तर निदान वारस म्हणून आपलं नाव लावून घ्या. २०२१ पासून आरसीवर वारसाचं, म्हणजे नॉमिनीचं नाव घालता येतं. मालक गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरचा फॉर्म भरायचा असतो. दुःखाच्या दिवसांत कागदासाठी दारोदार फिरणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. आधी लावलेलं एक नाव तेव्हा फार कामाला येतं.

शेवटी, गाडी घेताना सगळे पैसे तिच्यातच घालू नका. टायर, बॅटरी आणि पहिल्या सर्व्हिसिंगसाठी थोडे मागे ठेवा. ऑइल कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे बदला. गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा बदलाच. पावसाआधी ब्रेक, वायपर आणि टायर बघून घ्या. पाऊस संपला की गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन घ्या. केलेल्या प्रत्येक कामाचं बिल गटाच्या पासबुकाशेजारी जपून ठेवा. पुढे गाडी विकताना तेच बिल किंमत राखतं. आणि गाडीचं वयही बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरण येतं. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसते ती म्हणूनच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. ती मिळवायला एकेकाळी माणसं वर्षानुवर्षं रांगेत थांबली होती. आपल्याला आज रांग नाही. गाडी मिळते, कर्जही मिळतं. आता फक्त कागदावरचं नाव आपलं करून घ्यायचं राहिलं आहे. पुढच्या गटाच्या बैठकीत, ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी आरसी घेऊन या. सगळ्या मिळून नाव वाचू.