कचरापेटीपाशी पोचलेले नाटक

मुंबईत कचरा वेचून पोट भरणाऱ्या बायकांत मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांतल्या पुष्कळ आहेत. १९७२ च्या दुष्काळात बीडसारख्या जिल्ह्यांत दोनच वाटा उरल्या होत्या: दुष्काळी कामावर खडी फोडायची, नाहीतर गाव सोडायचे. धारूर तालुक्यातल्या तेलगावला पुढे साखर कारखाना आला, तरी ऊसतोडीला जाणाऱ्यांचा जिल्हा ही बीडची ओळख पुसली नाही. कोयता घेऊन गेलेले जोडपे हंगाम संपला की परत येते. मुंबईला गेलेली कुटुंबे मात्र चेंबूर, गोवंडी, मानखुर्दच्या वस्त्यांत कायमची राहिली. त्यांत दलित, भूमिहीन घरांचे प्रमाण मोठे होते. हाती ना जमीन, ना शिक्षण, ना ओळखपाळख. भांडवल न लागणारा एकच धंदा समोर होता.

तो धंदा वरवर दिसतो तितका सोपा नाही. पहाटे गोणी खांद्यावर टाकून निघायचे, पेटी उपसायची, मग घराच्या दारात बसून माल निवडायचा: पुठ्ठा वेगळा, काच वेगळी, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पत्रा आणि कडक प्लास्टिक आणखी वेगळे. मालाला भाव असतो तो या निवडण्यामुळे. मग भंगारवाल्याचा काटा. माल ओला आहे म्हणून वजनात कपात होते, आणि अडीनडीला त्याच्याकडूनच पैसे घेतलेले असल्याने दुसऱ्याला विकता येत नाही. ऊसतोडीत मुकादमाची उचल असते, तिचाच हा शहरी अवतार. एक फरक मात्र महत्त्वाचा. उसाच्या फडात बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि हिशोब नवऱ्याच्या नावावर. इथे आलेले चार पैसे निदान तिच्या हातात पडतात.

या बायकांपर्यंत जी संघटना पोचली, ती कचऱ्याच्या प्रश्नातून उभी राहिलेली नव्हती. स्त्री मुक्ती संघटना १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, मुंबईत स्थापन झाली. तिच्या एक संस्थापक ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेले ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ मध्ये आले. (त्याच नावाच्या अलीकडच्या दूरचित्रवाणी मालिकेशी त्याचा काही संबंध नाही.) लोकगीतांच्या चाली, बायकांचा संच आणि मोजके सामान, एवढ्यावर ते उभे राही. नाट्यगृह मिळालेच पाहिजे असे नव्हते. वस्ती, शाळा, चाळीचे अंगण, कुठेही चाले. मुलीच्या जन्मापासून हुंड्यापर्यंतची गोष्ट गाण्यातून आल्यामुळे भाषणाला न थांबणारी बाईही तिथे थांबली. प्रयोग हजारोंनी झाले आणि नाटक इतर भाषांतही गेले. मराठी प्रचारनाट्यात इतके आयुष्य लाभलेली नाटके थोडीच.

नाटकाने वस्तीत शिरायला वाट करून दिली, पण त्याने कोणाची चूल पेटत नव्हती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संघटनेने ‘परिसर विकास’ हा कार्यक्रम सुरू केला. कचरावेचक बायकांचे बचत गट, ओळखपत्रे, ओला-सुका कचरा वेगळा करण्याचे आणि खत करण्याचे प्रशिक्षण अशी कामाची आखणी होती. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांच्या ‘निसर्गऋण’ तंत्राचे बायोगॅस प्रकल्प चालवण्याचे कामही या बायकांकडे आले. ‘कचरेवाली’ या हाकेच्या जागी ‘परिसर भगिनी’ हे नाव आले, आणि ते नुसते सौजन्य नव्हते: सोसायटीच्या फाटकावर रखवालदाराने अडवलेल्या बाईला आपण कोण हे सांगायला शब्द लागतो. बहिणीच्या नात्याचे असे नाव दूर इस्राएलमध्येही सापडते: दक्षिण तेल अवीवच्या गरीब वस्त्यांत शुला केशेत या मिझ्राही, म्हणजे पौर्वात्य वंशाच्या ज्यू चित्रकार ज्या स्त्रीसंघटनेत काम करतात, तिचे नाव ‘अखोती’. हिब्रूत त्याचा अर्थ ‘माझी बहीण’.

पुण्यात हाच प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला गेला. तिथे १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढाव यांच्या कष्टकरी चळवळीच्या वळणाची ही कामगार संघटना. ती रस्त्यावर उतरून मागण्या मांडत गेली. तिच्यातूनच २००८ मध्ये घरोघरचा कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर कामाला लागली. मुंबईत महापालिकेशी असा घट्ट करार झाला नाही, म्हणून तिथले काम प्रकल्पांच्या आधाराने चालले.

मुंबईतील देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तिथे मोठी आग लागली, धूर कित्येक दिवस शहरावर राहिला आणि त्यानंतर आत जाण्यावर निर्बंध कडक झाले. ज्यांचे पोट त्या ढिगावर होते, त्यांची वाट अडली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम निघाले. त्यांत कचरावेचकांची व्याख्या आली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकण्यात आली.