त्वचेचे रोग आणि वंशाचा दोष

रिसोड तालुक्यातील मौजे रिठद ज्या मुलखात मोडते, त्याचे जुने मुख्य स्थान वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, हे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते, पुढे अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात एक सरकार म्हणून दप्तरी दाखल झाले आणि इंग्रजी अमलात 1905 पर्यंत स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे राहिले. परंतु राजवटींच्या या स्थित्यंतरांहून लोकस्मृतीने अधिक जिव्हाळ्याने जतन केली ती एका त्वचारोग्याची कथा. वासुकी नावाच्या राजास कुष्ठ जडले, गावाबाहेरील कुंडात स्नान करताच तो निरामय झाला आणि त्याने त्या कुंडाचा विस्तार करून तलाव केला, ही आख्यायिका इंग्रज गॅझेटियरकारांनीही टिपून ठेवली आहे.

राजाचे कुष्ठ कोणत्या जातीचे, हे आख्यायिका सांगत नाही, आणि प्राचीन वैद्यकात हा शब्द इतका व्यापक होता की तो आजच्या अर्थाने महारोगच असला पाहिजे, असेही म्हणता येत नाही. चरकसंहितेने कुष्ठाचे अठरा प्रकार मानून त्यांतील सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे ठरविली. या क्षुद्रकुष्ठांत गणलेली, कंडू आणि स्राव यांनी युक्त अशी विचर्चिका आपल्या खेड्यापाड्यांत इसब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्याधीच्या बरीच जवळची आहे. सुश्रुताने तर मातापित्यांच्या शुक्रशोणितातील दोषाने अपत्यास जडणाऱ्या रोगांचा एक स्वतंत्र वर्ग कल्पून त्यात मूळव्याधीबरोबर कुष्ठाची गणना केली. हे निरीक्षण मला असामान्य वाटते. मात्र ज्या एका नावाखाली इसब, गजकर्ण आणि रक्तपिती एकत्र बांधली गेली, त्या नावानेच पुढे मोठा अनर्थ केला.

हा अनर्थ केवळ वैद्यकापुरता राहिला नाही. धर्मशास्त्राने असाध्य कुष्ठ झालेल्या इसमास वडिलोपार्जित मिळकतीच्या हिश्श्यास अपात्र ठरविले होते आणि इंग्रजी न्यायालयांनी, रोग उग्र स्वरूपाचा असेल तर, ही अपात्रता कायम ठेवली. ती 1928 च्या कायद्याने दूर झाली. रोगाचा वारसा गृहीत धरून मिळकतीचा वारसा हिरावून घेण्याची ही वहिवाट किती घरांत अश्रूंना कारण झाली असेल, याची कल्पनाही असह्य आहे.

आणि गृहीतच चुकीचे होते. नॉर्वेत डॅनियलसेन व बेक यांनी 1847 मध्ये महारोग आनुवंशिक असल्याचे प्रतिपादन केले होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन केलेले आणि साताऱ्यास सिव्हिल सर्जन राहिलेले हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांचाही कल आरंभी त्याच मताकडे होता. परंतु नॉर्वेत जाऊन तेथील वैद्य हॅन्सेन यांचे कार्य त्यांनी प्रत्यक्ष पाहिले, आणि 1873 मध्ये हॅन्सेन यांना दिसलेला जंतू हेच रोगाचे मूळ, या मताचे ते पुरस्कर्ते झाले. विदर्भात मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे आणि शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 मध्ये अमरावतीस तपोवनात जी सेवा आरंभिली, तिला याच ज्ञानाचे अधिष्ठान होते.

इसबाची कथा नेमकी उलट आहे. ज्याला शिवले तर लागेल म्हणून लोक दूर सरतात, तो रोग संसर्गजन्य नसून त्याचे एक मूळ खरोखरच जन्मजात असते. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या पाहणीत एकाच बीजाच्या जुळ्यांपैकी एकास हा रोग असता दुसऱ्यासही असण्याचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक आढळले. भिन्न बीजाच्या जुळ्यांत ते याच्या तृतीयांशाच्या आसपास होते. पुढे 2006 मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे अर्विन मॅक्लीन यांच्या संशोधकगटाने, डब्लिनच्या अ‍ॅलन अर्विन यांच्या सहकार्याने, पहिल्या गुणसूत्रावरील फिलॅग्रिन या जनुकातील दोष आणि इसब यांचा संबंध सिद्ध केला. हे प्रथिन त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवते आणि त्याच्या विघटनातून त्वचेतील ओलावा टिकविणारी द्रव्ये निर्माण होतात; ते उणे पडले की धाब्याच्या घराची पांढरी माती खचावी तशी त्वचेची अवस्था होते, आतील ओल बाहेर जाते, बाहेरील धूळ, साबण व जंतू आत शिरतात आणि शरीराची संरक्षक यंत्रणा दाहास प्रवृत्त होते.

तथापि जनुकदोष म्हणजे विधिलिखित नव्हे. तो असूनही कित्येकांस इसब होत नाही आणि तो नसतानाही कित्येकांस होते; शिवाय युरोपीय रुग्णांत वारंवार आढळणारे दोष भारतीयांत विरळ असून येथील कुटुंबांत निराळे दोष आढळतात, म्हणून आपल्या माणसांचा अभ्यास आपल्याकडेच झाला पाहिजे.

रिठदच्या परिसरातील आईबापांस माझी एवढीच विनंती आहे की, इसब झालेल्या लेकराचे ताट आणि अंथरूण वेगळे करू नये, सोयरीक जुळविताना त्याला घराण्याचा कलंक मानू नये, त्याची त्वचा नित्य तेलकट मलमाने मऊ राखावी आणि त्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावे. अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला तर मात्र एक दिवसही न दवडता सरकारी आरोग्य केंद्र गाठावे. महारोगाचे औषध तेथे विनामूल्य मिळते आणि त्याने तो पूर्ण बरा होतो.