माणगावचा पुतळा



श्रीवर्धन-दिवेआगरला जाताना आपण माणगावला चहा घेतो आणि पुढे निघतो. तिथल्या तहसील कार्यालयाच्या आवारात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. ते तालुक्यातल्याच पळसगावचे, मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक होते. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते मारले गेले. वय अवघे २२.

त्या दिवशी जर्मन मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच गनवर धावून गेले. हातबॉम्बने गन आणि ती चालवणारा संपवला, दुसऱ्याला गोळी घातली. बंदूक पुन्हा भरायला वेळ नव्हता, म्हणून तीच उलटी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती देण्यात आला. देह मात्र कुठे पुरला गेला, त्याची खूण नाही. इटलीत कॅसिनो इथे अशा बेपत्ता कबरींच्या ४,००० हून अधिक सैनिकांची नावे कोरली आहेत, त्यांत हे एक.

गौरवाच्या मजकुरातून मोजले तर ते चौघे होतात. त्यांची नावे त्यात नाहीत. हिशेबाच्या वहीत जमा लिहायची आणि नावेची बाजू कोरी सोडायची, तसे मला हे वाटते.

अमेरिकेत २००४ साली क्वेकर पंथाच्या लोकांनी एक फिरते प्रदर्शन काढले. हा पंथ ख्रिस्ती, पण युद्धाला ठाम नकार देणारा. शिकागोत त्यांनी इराकमध्ये मेलेल्या अमेरिकन सैनिकांचे ५०४ बूटजोड ओळीने मांडले. मेलेल्या इराकी नागरिकांसाठी साध्या चपला-बूटही ठेवले, त्यांत लहान मुलांचे जोडही होते. मग हे सगळे गावोगावी नेले, आणि युद्ध चालूच राहिल्याने बूट वाढत गेले. चामड्याचे बूट म्हटल्यावर आपल्यातली एखादी नाक मुरडेल, पण दोन्ही बाजूंची पादत्राणे एका मैदानात ठेवणे मला फार मोठे वाटते.

आपल्याकडे भरत-बाहुबलीच्या कथेत सैन्ये बाजूला ठेवून दोघे भाऊच लढले, ते उगाच नाही. गृहस्थाला विरोधी हिंसेची मुभा आहे, संकल्पी हिंसेची नाही, हे आपण प्रवचनात ऐकतो. पण घाडगे यांची हिंसा कोणत्या खान्यात घालायची? राज्य परक्याचे, लढाई परक्या देशात, आणि समोरून गोळ्या मात्र खऱ्या. मला ते ठरवता येत नाही आणि ठरवायचा अधिकारही नाही. घरी बसून अहिंसा पाळणे सोपे असते, बाई.

जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या माँतोने या गावाने घाडगे यांचे स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळ आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे शब्द त्यावर आहेत. पुतळ्यात बंदूक लागते, सूर्यघड्याळात नुसती सावली पुरते. मला ते जास्त आवडले.

माणगावला पुतळ्यासमोर मात्र मी हात जोडते आणि नवकार म्हणते. मनात पाचही जण असतात, आणि पदक घ्यायला गेलेली ती बाईही.