चार महिन्यांची हद्द

दिवाळी अंक घरात आला की तो आधी आजोबांच्या हातात जातो, मग लेकीसुनांच्या, आणि शेवटी चकलीचे तेल बोटांना असतानाच पोरांच्या. अशा अंकात गर्भपाताच्या विषयावर लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. परंतु घरात ज्या गोष्टी कुजबुजीनेच बोलल्या जातात त्यांनाही इतिहास असतो, आणि तो कोणी लिहिला नाही की त्याची अफवा होते. शहाण्या आईने हे पान आधी आपण वाचावे. मग पोरीबाळींना द्यायचे की नाही ते तिचे तिने ठरवावे.

अफवा कोणती ते सांगतो. आमच्या धाराशिव जिल्ह्यात कोणत्याही पारावर विचारा, एकच उत्तर मिळेल: “मुसलमानांत पोट पाडणे हराम. त्यात दुसरे बोलणे नाही.” हिंदू हे वाक्य थोड्या उपहासाने बोलतो, मुसलमान थोड्या अभिमानाने, वाक्य मात्र दोघांचे एकच. मी मुसलमान नाही, अरबी मला येत नाही, आणि माझी विद्या मॅट्रिकपाशीच थांबलेली आहे. तथापि मास्तरकीत एक खोड जडते. पोराने काही ठासून सांगितले की आपण विचारतो, “कुठे लिहिलंय? दाखव.” तोच प्रश्न मी आमच्या गावच्या वृद्ध मौलवीसाहेबांना केला. ते हसले, कपाटातून एक जाडजूड उर्दू ग्रंथ काढला आणि म्हणाले, “गुरुजी, बसा. हे एका दिवसाचं काम नाही.” चार शुक्रवार लागले.

कुराणात गर्भपात असा शब्द घेऊन काही सांगितलेले नाही. दारिद्र्याच्या भीतीने पोरे मारू नका असे बजावले आहे. जिवंत पुरलेल्या मुलीला कयामतीच्या दिवशी विचारले जाईल की तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारले, असेही आहे. आणि ‘अल-मोमिनून’ या सूऱ्यात गर्भ कसा घडत जातो त्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी थेंब, मग चिकटून राहिलेली गुठळी, मग मांसाचा गोळा, मग हाडे, मग त्यांवर मांस. पैगंबरांच्या एका हदीसमध्ये या पायऱ्यांना दिवस लावलेले आहेत. चाळीस, चाळीस आणि चाळीस. त्यानंतर फरिश्ता येतो आणि रूह, म्हणजे आत्मा, फुंकतो. हे झाले १२० दिवस, आपल्या बायकांच्या हिशेबाने चार महिने. पुढच्या हजार वर्षांचा वाद या हद्दीभोवती झालेला आहे.

चार महिन्यांनंतर, आईचा जीव धोक्यात असल्याखेरीज, गर्भाला हात लावू नये याविषयी शास्त्री बहुतांशी एकमताचे आहेत. मतभेद आहेत ते त्याआधीचे. मालिकी पंथाचे शास्त्री म्हणतात, बीज एकदा गर्भाशयात ठरले की ते काढू नये. इ. स. ११११ मध्ये वारलेला थोर पंडित गझाली हा शाफई पंथाचा. गर्भ राहू नये म्हणून नवऱ्याने काळजी घेणे त्याला मान्य होते. पण राहिलेला गर्भ पाडणे हा गुन्हा आहे, आणि गर्भ जसजसा वाढेल तसतसा तो गुन्हाही वाढतो, असे त्याचे म्हणणे. हनफी पंथ, म्हणजे आपल्या हिंदुस्थानातल्या बहुसंख्य मुसलमानांचा पंथ, त्या मानाने सैल. त्यातले कित्येक जण चार महिन्यांच्या आत मोकळीक देत. पण तिथेही बाराव्या शतकातल्या फरगण्याच्या काझीखानने बोट उचललेच. त्याचा दाखला मला फार आवडला. हज यात्रेच्या वेषात असलेल्या माणसाला शिकार वर्ज्य असते. त्याने पाखराचे अंडे फोडले तरी भरपाई द्यावी लागते, कारण अंडे हे पाखराचे मूळ. मग माणसाच्या मुळाचे काय? निदान कारणावाचून तरी ते पाप नाही का? मौलवीसाहेब हे सांगताना थांबले आणि म्हणाले, “कारणावाचून. हा शब्द लक्षात ठेवा.”

कारण कोणते, हे ज्या ग्रंथात स्पष्ट केले आहे तो ग्रंथ सिद्ध करवणारा माणूस मराठी वाचकाला चांगला ठाऊक आहे: औरंगजेब. त्याच्या हुकमाने १६६७ च्या सुमारास बुऱ्हाणपूरच्या शेख निजामाच्या देखरेखीखाली पंडितांची मंडळी बसली आणि त्यांनी सुमारे आठ वर्षांत हनफी मतांचा एक महाकोश अरबीत तयार केला. तोच ‘फतावा-ए-आलमगिरी’. मौलवीसाहेबांच्या कपाटातून निघाला तो त्याचाच उर्दू तर्जुमा. हाच बादशहा पुढे दख्खनेत उतरला. १६९५ ते १६९९ त्याची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे आमच्या शेजारच्या मुलखातच होती. त्याच्याविषयी आपण मराठ्यांनी जे म्हणायचे ते म्हणून झालेले आहे आणि त्यातला शब्दही मी मागे घेत नाही. पण त्याच्या या कोशात एका बाईची गोष्ट आहे.

बाईच्या अंगावर मूल पिते आहे. तेवढ्यात तिला पुन्हा दिवस जातात आणि दूध आटते. पोर उपासाने जाईल अशी धास्ती वाटते, आणि पोराच्या बापाची दाई ठेवण्याची ऐपत नाही. अशा बाईने काय करावे? कोश सांगतो की पोटातल्या गर्भाला अवयव फुटलेले नाहीत तोवर तिने तो उतरवण्याचा इलाज करून घ्यावा, तिला मुभा आहे. आणि अवयव १२० दिवसांनंतरच दिसू लागतात, असे त्या कोशाचे म्हणणे. पुढे दमास्कसच्या इब्न आबिदीनच्या एकोणिसाव्या शतकातल्या ग्रंथातही हीच बाई, हेच आटलेले दूध उदाहरण म्हणून येते. थोरामोठ्यांच्या या पोथ्यांत गरिबाघरची एक अंगावर पाजणारी बाई सातशे वर्षे येऊन बसलेली पाहून मी, खरे सांगतो, गप्प झालो.

कारण ती बाई आमच्या गावात होऊन गेली होती.

गोष्ट आजीने सांगितलेली, १९५८-५९ च्या आसपासची. आमच्या वाड्यामागे एक पिंजाऱ्याचे घर होते. नवरा धनुकली खांद्यावर टाकून गाद्या पिंजायला गावोगाव हिंडे. आठ-आठ दिवस परत येत नसे. बायकोच्या मांडीवर सहा महिन्यांचा पोरगा, आणि तिला पुन्हा दिवस गेले. दूध आटले. दुष्काळी मुलूख, शेळी नाही, विकत दूध घ्यायला पैसा नाही. तिने कोणाला विचारले नाही. विचारणार कोणाला? आलेल्या एका जडीबुटीवाल्याकडून तिने कसलीशी मुळी घेतली आणि पाचव्या दिवशी ती गेली. आजी म्हणे, तिसरा महिनासुद्धा पुरा झाला नव्हता. गावाने तोंडात बोट घातले नाही, बोट दाखवले. हराम केले, भोगले. मय्यतीला चार माणसे मिळायची मारामार झाली. तो सहा महिन्यांचा पोरगा मात्र जगला, कारण तेव्हा माझे वडील आजीच्या अंगावर पीत होते आणि तिने एका बाजूला त्याला घेतला. जातगंगेत त्यावरून बोलणे झाले, आजीचे उत्तर ठरलेले असे: “पोर रडतंय म्हटल्यावर काय करू?” मुसलमानी धर्मात एका आईचे दूध प्यायलेली पोरे भावंडे ठरतात. म्हणून तो माझ्या वडिलांचा दूधभाऊ आणि आमचा चाचा.

पोथीत मुभा आणि गावात हराम, हे अंतर पडले कसे? मला वाटते, पोथी अरबीत होती हे एक. पण तेवढेच नव्हे. जो प्रश्न फकिहांनी चौकात चर्चिला तो बायकांच्या जगात सुईणीच्या पदराआड गेला. जे लपून करायचे ते पाप, आणि जे पाप ते लपूनच करायचे, असा फेरा पडला. त्यात सरकारनेही भर घातली. तुर्कस्तानच्या सुलतानाने १८३८ मध्ये गर्भपाताविरुद्ध फर्मान काढले, कारण दौलतीला माणसे हवी होती. आपल्याकडे १८६० साली इंग्रजांची दंडसंहिता आली. तिच्या ३१२ कलमाने गर्भपात करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली, आणि पोटात मूल हालू लागले असेल तर सात वर्षांपर्यंत. स्वतः बाईही गुन्हेगार. सुटका एकच, आईचा जीव वाचवण्यासाठी केले असेल तर. मूल हालू लागते तेही चौथ्या-पाचव्या महिन्यातच. म्हणजे साहेबालाही हद्द ठाऊक होती, पण दुधाची बाई ठाऊक नव्हती. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे इथले कायदे वेगळे होते. इंग्रजी वारशाची ही संहिता १९५१ साली इकडे लागू झाली. पिंजाऱ्याची बायको मेली ती हिच्याच अंमलात.

हिंदू वाचकाने इथे सुस्कारा टाकू नये. आपल्या धर्मशास्त्रात भ्रूणहत्या महापातक, आणि आपल्या विधवांना पुनर्विवाह बंद. त्या दोन दगडांमध्ये किती जणी चिरडल्या हे पाहूनच जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंढरपुरात तसेच गृह १८७५ मध्ये निघाले. मुसलमान विधवेला निकाहाची वाट शास्त्राने मोकळी ठेवलेली, हा मोठा फरक. पण शरीफ म्हणवणारी घराणी दुसऱ्या निकाहाला नाक मुरडायला शेजाऱ्यांकडूनच शिकली.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते पुष्कळांना माहीत आहे. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये समिती नेमली गेली, १९६६ मध्ये तिचा अहवाल आला, १९७१ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, वीसपर्यंत दोघांचे. २०२१ च्या दुरुस्तीने काही प्रसंगी चोवीसपर्यंत मर्यादा वाढली. हा कायदा हिंदूंना एक आणि मुसलमानांना एक असा नाही.

मुसलमान देशांत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ट्युनिशियाने १९६५ मध्ये पाच मुलांच्या आईला मुभा दिली आणि १९७३ मध्ये पहिल्या तीन महिन्यांत सर्वांनाच. तुर्कस्तानने १९८३ मध्ये दहा आठवडे दिले. बांगलादेशात १८६० चे तेच इंग्रजी कलम राहिले. तरी १९७१ च्या युद्धात ज्यांच्यावर अत्याचार झाले त्या बायकांसाठी १९७२ मध्ये सरकारने वाट मोकळी केली, आणि १९७९ पासून ‘पाळी नियमित करणे’ या नावाखाली सरकारी दवाखान्यांतून तो इलाज होत आला. नावात काय काय लपते पाहा! मक्केच्या फिकह परिषदेने १९९० मध्ये, गर्भात असाध्य व्यंग असल्याचे डॉक्टरांनी सांगितले तर १२० दिवसांच्या आत परवानगी दिली. इराणने २००५ मध्ये हीच चार महिन्यांची हद्द कायद्यात घातली आणि जन्मदर घटू लागला तशी २०२१ मध्ये पकड पुन्हा आवळली. धर्म तोच, पोथी तीच. राज्यकर्त्याला माणसे जास्त हवीत की कमी, यावर पोथीचे कोणते पान उघडायचे ते ठरते, असा माझा तरी समज झाला आहे. लोकांचे मत मात्र सहसा कडकच राहिले. अमेरिकेतल्या प्यू संस्थेने २०१३ मध्ये एकोणचाळीस देशांतल्या मुसलमानांची मते प्रसिद्ध केली. बहुतेक ठिकाणी बहुसंख्यांनी गर्भपात वाईटच म्हटले.

या कडकपणाची एक दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. सोनोग्राफीच्या यंत्राने मुली पोटातच शोधून मारण्याचा जो धंदा आपल्याकडे बोकाळला, आणि ज्याच्याविरुद्ध पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, त्यात आमचा मराठवाडा बदनाम आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. त्याच शिरगणतीत देशभरच्या हिंदूंत हा आकडा ९१३ आणि मुसलमानांत ९४३. पुरलेल्या मुलीला विचारले जाणारा तो प्रश्न कुठेतरी कानात राहिला असावा. वर्गात हजेरी घेताना मला हे आकडे आठवतात.

चौथ्या शुक्रवारी मी चाचाला मुद्दाम बरोबर नेले. आता त्याचे वय सदुसष्टच्या घरात. धनुकली कधीच गेली, गाद्या-रजयांचे छोटे दुकान आहे. मौलवीसाहेबांनी चष्मा पुसून ती अंगावर पाजणाऱ्या बाईची ओळ सावकाश वाचली, मग दखनीत उलगडून सांगितली. आटलेले दूध, गरीब बाप, चार महिन्यांच्या आतला गर्भ. चाचाने पुन्हा एकदा वाचायला सांगितले. मौलवीसाहेबांनी वाचले. मग बराच वेळ तो हातातल्या टोपीची शिवण चाचपत बसला.

“मास्तर,” तो मला म्हणाला, मौलवीसाहेबांकडे न पाहता, “मग माझ्या आईच्या मय्यतीला लोकं का न्हाई आली?”