दोन विमान कंपन्यांच्या वहिवाटीची कुळकथा

१९५७ पासून १९९० पर्यंत मेलबर्नहून सिडनीला हवाईमार्गे जाऊ इच्छिणाऱ्या ऑस्ट्रेलियन प्रवाशापुढे दोनच पर्याय असत : एक सरकारी मालकीच्या ट्रान्स ऑस्ट्रेलिया एअरलाइन्सचा, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या टीएएचा, आणि दुसरा रेजिनाल्ड अ‍ॅन्सेट यांच्या खासगी कंपनीचा. दोन्हींची विमाने बहुधा एकाच बनावटीची, भाडे तेच, आणि सुटण्याची वेळही पुष्कळदा तीच. ही वहिवाट कोणा एका मंत्र्याच्या मस्तकातून एके दिवशी बाहेर पडली असे समजणे चूक ठरेल. कारण तिचे मूळ शोधीत गेले असता आपण ज्या स्थळी पोहोचतो ते स्थळ विमानाच्या जन्माहूनही जुने आहे. मुक्त व्यापारासाठी लिहिलेल्या एका कलमाच्या छायेत असा बंदिस्त व्यवहार तीन तपे नांदावा, ही मला आधुनिक अर्थकारणातील अत्यंत चिंतनीय घटना वाटते.

१ जानेवारी १९०१ रोजी सहा ब्रिटिश वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलियाचे संघराज्य अस्तित्वात आले, त्यापूर्वी या वसाहती एकमेकींच्या मालावर जकात बसवीत असत. मरे नदीच्या काठाने न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया यांच्या सरहद्दीवर जकातीचे नाके होते, आणि लोकरीचे गठ्ठे व धान्याची पोती यांची तेथे रीतसर तपासणी होई. हे नाके कायमचे उठावेत म्हणून घटनाकारांनी ९२ वे कलम घातले आणि राज्याराज्यांतील व्यापार, उदीम व दळणवळण संपूर्ण मुक्त राहील अशी ग्वाही दिली. राइट बंधूंचे विमान त्यानंतर दोन वर्षांनी, १९०३ साली, जमिनीवरून उचलले गेले. त्या कलमाच्या कर्त्यांना आकाशातील रहदारीची कल्पना असणे शक्य नव्हते. परंतु कायद्याची अक्षरे आपल्या कर्त्यांच्या कल्पनेपुरती मर्यादित राहत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस देशांतर्गत हवाई वाहतुकीचा मोठा भाग ऑस्ट्रेलियन नॅशनल एअरवेज, म्हणजे एएनए, या कंपनीच्या हाती होता. टास्मानियातील होलिमन या जहाजमालक घराण्याने बास सामुद्रधुनीवर चालविलेल्या विमानांतून आणि काही आगबोट कंपन्यांच्या भांडवलातून १९३६ साली ती उभी राहिली होती. मजूर पक्षाच्या चिफली सरकारला मात्र असे वाटत होते की इतक्या विस्तीर्ण देशात हवाई मार्ग ही सार्वजनिक मालमत्ता असली पाहिजे. म्हणून १९४५ साली त्याने कायदा करून आंतरराज्य वाहतुकीचा मक्ता एका सरकारी आयोगाकडे सोपविण्याची तजवीज केली. एएनएने न्यायालयात धाव घेतली. त्या देशाच्या हायकोर्टाने डिसेंबर १९४५ मध्ये जो निकाल दिला, तोच या कुळकथेचा खरा जन्मदाखला होय : संघसरकारला स्वतःची विमान कंपनी काढण्याचा अधिकार आहे, परंतु ९२ वे कलम असेपर्यंत इतरांना त्या मार्गांवरून हुसकावून लावण्याचा नाही. सरकारला एकटे राहता येईना आणि खासगी कंपनीला सरकार टाळता येईना, अशा स्थितीत ९ सप्टेंबर १९४६ रोजी टीएएचे पहिले डीसी-३ विमान मेलबर्नजवळच्या लॅव्हर्टन येथील लष्करी तळावरून सिडनीकडे झेपावले.

ही सरकारी कंपनी दुबळी निघाली असती, तर पुढचा इतिहास निराळा झाला असता. पण टीएएने १९४८ मध्ये कॉन्व्हेअर ही आतील हवेचा दाब राखणारी विमाने आणली, उंचावरून शांतपणे जाणाऱ्या त्या विमानांकडे प्रवासी वळले, आणि एएनएची जुनी डीसी-४ विमाने मागे पडली. १९४९ साली खासगी उद्योगाचे कैवारी मेंझीज सत्तेवर आले तेव्हा त्यांच्यापुढे चमत्कारिक पेच उभा राहिला : सरकारी कंपनी विकावी तर ती नीट चाललेली, आणि तशीच ठेवावी तर खासगी कंपनी बुडणार. त्यांनी तिसरी वाट काढली. १९५२ मध्ये एएनएशी १५ वर्षांचा करारनामा करून तिला सरकारी टपालाचा व सरकारी प्रवाशांचा वाटा मिळवून दिला आणि तिच्या कर्जांना हमी दिली. तरीही एएनए सावरली नाही. जानेवारी १९५७ मध्ये तिचे सूत्रधार आयव्हन होलिमन निवर्तले, आणि त्याच वर्षी अ‍ॅन्सेट यांनी ती ३३ लाख पौंडांना विकत घेतली.

हे अ‍ॅन्सेट मूळचे मोटारवाले. व्हिक्टोरिया राज्याने आपल्या रेल्वेच्या रक्षणासाठी रस्त्यावरील प्रवासी मोटारींना वेसण घातली, तेव्हा रेल्वेचा कायदा आकाशात चालत नाही हे ओळखून त्यांनी १९३६ साली हॅमिल्टन ते मेलबर्न अशी विमानसेवा सुरू केली होती. निर्बंधाला बगल देऊन मोठा झालेला हा माणूस पुढे निर्बंधांच्याच आश्रयाने धनाढ्य झाला.

आता दोन कंपन्या बरोबरीच्या राहाव्यात हे सरकारचे घोषित धोरण ठरले, आणि बरोबरीचा अर्थ किती काटेकोरपणे घेतला गेला हे पाहण्यासारखे आहे. टीएएला फ्रेंच बनावटीची कॅराव्हेल जेट विमाने हवी होती. सरकारने ती नाकारली आणि दोघांनाही अमेरिकन इलेक्ट्रा विमाने घ्यावी लागली. १९६० मध्ये टीएएची तीन व्हायकाउंट विमाने अ‍ॅन्सेटकडे आणि त्यांच्या मोबदल्यात अ‍ॅन्सेटची दोन जुनी डीसी-६बी विमाने टीएएकडे भाड्याने द्यावी, असा अदलाबदलीचा व्यवहार सरकारी दडपणाखाली पार पडला. प्रवाशांनी आपल्या पसंतीने ज्या विमानाला कौल दिला, तेच विमान त्या पसंतीपासून वंचित झालेल्या प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करण्यात आले, हे मला या सबंध प्रकरणातील सर्वांत अन्यायाचे वाटते. ऑक्टोबर १९६४ मध्ये बोइंग ७२७ आली तेव्हा दोन्ही कंपन्यांची पहिली विमाने एकाच दिवशी देशात दाखल झाली.

पण ९२ वे कलम तर जिवंत होते. मग तिसऱ्या कंपनीला अडविले कोणत्या आधारावर? त्याचे उत्तर जकात खात्याच्या दप्तरात आहे. मोठी विमाने ऑस्ट्रेलियात बनत नसत, ती परदेशातून आणावी लागत, आणि आयातीचा परवाना देणे न देणे संघसरकारच्या हाती होते. आयपेक या मालवाहतूक कंपनीने राज्याराज्यांत माल नेण्यासाठी विमाने आणण्याचा अर्ज केला, तेव्हा नागरी विमान खात्याने तो नामंजूर केला. १९६५ मध्ये हायकोर्टापर्यंत दाद मागूनही ती विमाने तिला आणता आली नाहीत. परदेशातून वस्तू आणणे म्हणजे राज्याराज्यांतील व्यापार नव्हे, म्हणून त्या कलमाचे संरक्षण बंदराच्या आतच सुरू होते, असा तो न्याय. ज्या जकातीपासून व्यापाराची सुटका करण्यासाठी ते कलम जन्मले, त्याच खात्याच्या शिक्क्याने ते निष्प्रभ व्हावे, हे विधिलिखितच म्हणावे लागेल.

देशाबाहेरच्या आकाशाची व्यवस्था वेगळी होती. क्वांटास ही कंपनी १६ नोव्हेंबर १९२० रोजी क्वीन्सलँडमधील विंटन या छोट्या गावात स्थापन झाली. १९३४ मध्ये तिने ब्रिटनच्या इंपीरियल एअरवेजशी भागीदारी केली, तेव्हा दोघांचे हिस्से ४९-४९ टक्के ठेवून उरलेले २ टक्के एका त्रयस्थ लवादाकडे दिले गेले. १९४७ मध्ये सरकारने ती पूर्णपणे विकत घेतली, आणि त्याच वर्षाच्या १ डिसेंबरला सिडनीहून निघालेले तिचे कॉन्स्टेलेशन विमान डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो व त्रिपोली असे थांबे घेत चार दिवसांत लंडनला पोहोचले. स्वातंत्र्य मिळून पुरते चार महिनेही न झालेल्या आपल्या देशात त्या ‘कांगारू मार्गा’चा मुक्काम होता, हे येथील वाचकाने ध्यानात ठेवावे. १९४४ च्या शिकागो करारान्वये प्रत्येक राष्ट्र आपल्या आकाशाचे सार्वभौम धनी ठरले होते. त्यामुळे परदेशी मार्ग मिळत ते दोन सरकारांच्या तहातून, आणि ऑस्ट्रेलियाच्या वाट्याचे मार्ग एकट्या क्वांटासला मिळत. उलट सिडनीहून पर्थला जाणाऱ्या क्वांटासच्या विमानात जागा रिकाम्या असल्या तरी देशातल्या देशात जाणाऱ्या साध्या प्रवाशाला त्या विकण्याची तिला मुभा नव्हती.

१९८७ साली सरकारने तीन वर्षांची मुदत देऊन हे धोरण संपविण्याची घोषणा केली आणि ऑक्टोबर १९९० च्या अखेरीस ते संपले. डिसेंबरात कंपास ही नवी कंपनी मोठी एअरबस विमाने व स्वस्त तिकिटे घेऊन उतरली; पण विमानतळांवरील इमारती दोन जुन्या कंपन्यांच्याच दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यात असल्याने तिला प्रतिस्पर्ध्यांकडूनच जागा घ्यावी लागली, आणि सुमारे वर्षभरात तिचे दिवाळे निघाले. टीएएचा वारसा पुढे क्वांटासमध्ये विलीन झाला, अ‍ॅन्सेट सप्टेंबर २००१ मध्ये कोसळली, आणि तिच्या जागी व्हर्जिन आली.

खासगीकरणाच्या वेळी क्वांटासमध्ये परकीयांचा हिस्सा ४९ टक्क्यांहून अधिक नसावा असा दंडक कायद्याने घातला गेला, आणि त्यामागेही तहांचेच कारण होते : ज्या कंपनीची मालकी व ताबा ऑस्ट्रेलियनांकडे, तिलाच ऑस्ट्रेलियाच्या वाट्याचे मार्ग मिळतात. कतार एअरवेजने आठवड्याला २१ जादा उड्डाणे मागितली होती. २०२३ मध्ये सरकारने ती नाकारली आणि देशात मोठा गदारोळ झाला. पुढे २०२५ मध्ये कतार एअरवेजने व्हर्जिनचा २५ टक्के हिस्सा घेतला, आणि त्याच वर्षीच्या जूनपासून व्हर्जिनच्या नावाने, ऑस्ट्रेलियाच्या हक्कांवर, पण कतारची विमाने व कतारचेच वैमानिक घेऊन दोहाची उड्डाणे सुरू झाली.