बॉम्बे रक्तगट आणि चाकरमान्यांचा मुलूख

1952 साली परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका अपरिचित रक्तगटाविषयी टिपण छापलं आणि त्याला 'बॉम्बे' हे नाव चिकटलं ते कायमचं. शहराचं नाव पुढे बदललं, रक्तगटाचं नाही. पण हा गट मुंबईनं फक्त पकडला. तो टिकला गावांत, आणि सिंधुदुर्गासारख्या चाकरमान्यांच्या मुलखाचा त्यात मोठा वाटा धरायला हवा, असं मला वाटतं.

आधी त्या रक्तात वेगळं काय आहे ते पाहू. कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये रक्तगटांची फोड केली, तेव्हापासून तांबड्या पेशीवर 'ए' किंवा 'बी'ची खूण आहे का, यावरून गट ठरतो. दोन्ही नसतील तर 'ओ'. मात्र या दोन्ही खुणा 'एच' नावाच्या पायावर उभ्या राहतात. हा पाया 'ओ' रक्तातही असतो, किंबहुना तिथेच सर्वांत जास्त. बॉम्बे गटाच्या माणसात नेमका तोच नसतो. मग काचपट्टीवर रक्ताचे थेंब ठेवून त्यांत ए-विरोधी आणि बी-विरोधी द्रव घातला, तर एकातही गुठळी धरत नाही आणि कागदावर 'ओ' पडतं. खरा प्रकार कळतो उलट तपासणीत: त्याच माणसाच्या रक्तद्रवात 'ओ'च्या पेशी टाकल्या की भराभर गुठळ्या होतात, कारण त्यात 'एच'विरोधी प्रतिपिंडं असतात. सर्वांना चालणारं म्हणून मिरवणारं 'ओ' रक्त या माणसाच्या जिवावर उठू शकतं. त्याला चालतं फक्त बॉम्बे गटाचंच. 'एच' घडवणाऱ्या जनुकातला दोष आई आणि वडील दोघांकडून आला, तरच हा गट दिसतो. भारतात साधारण दहा हजारांत एक, असा ढोबळ अंदाज सांगतात. युरोपात दहा लाखांत एक. दहा हजारांत एक हे धरून हिशेब केला, तर दोषाची एक प्रत बाळगणारी, स्वतः पूर्ण निरोगी माणसं पन्नासात एक निघतात. अशा दोघांचं लग्न झालं, तर प्रत्येक मुलामागे शक्यता चारांत एक.

इथे लग्नाचा इतिहास रक्ताच्या इतिहासात शिरतो. शहर माणसं मिसळतं, हा सर्वसाधारण समज मुंबईच्या गिरणगावाबाबत पुरता खरा नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरातून आगबोटीनं निघालेला गडी मुंबईत उतरला, की गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायचा. पगार गावी जायचा, बायकापोरं बहुधा गावीच असायची आणि सोयरीक जुळायची ती जातीत, पंचक्रोशीत किंवा फार तर शेजारच्या तालुक्यात. गिरणीतल्या साच्यावर शेजारी उभे राहणारे दोघे एकमेकांचे व्याही होतच असत असं नाही. म्हणजे माणूस शहरात आला, पण त्याचं रक्त गावच्याच रिंगणात फिरत राहिलं. आणि केईएम उभं होतं याच वस्तीच्या मध्यभागी, 1926 पासून. पुढे 1957 मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचं रक्तगट संदर्भ केंद्रही मुंबईतच निघालं.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो: प्रयोगशाळा परळात म्हणून कोकणी माणसं जास्त तपासली गेली, म्हणून गट कोकणी वाटतो. आक्षेपात तथ्य आहे. 1988 च्या एका पाहणीत देशभरातल्या 179 व्यक्तींपैकी 112 महाराष्ट्रातल्या निघाल्या. या आकड्यात तपासणीच्या सोयीचा हात नक्कीच असणार. पण सोय आकडा फुगवील. आतेमामे भावंडांची लग्नं आणि जातीची कुंपणं असलेल्या समाजात अशी दुर्मीळ लक्षणं जास्त वर येतात, हे त्यानं खोटं ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावरच्या भारतीय वंशजांत हाच गट सापडला आणि जनुकातला बदलही भारतातल्याच जातीचा निघाला. तिथले मजूर बहुतांशी दक्षिणेकडचे. त्यामुळे हा दोष कोकणात जन्मला असं म्हणता येणार नाही. तो जुना आहे आणि बराच पसरलेला आहे. मला ते मान्य आहे. माझा मुद्दा उगमाचा नसून साठ्याचा आहे. कुठल्याही किनाऱ्यावर आलेला दोष नजरेस पडायला दोन प्रती एकत्र याव्या लागतात, आणि त्या एकत्र आणण्याचं काम आपल्या लग्नपद्धतीनं पिढ्यान्‌पिढ्या केलं. (जुन्या नोंदी वाचताना एक ध्यानात ठेवावं: 1 मे 1981 पूर्वी सिंधुदुर्ग हा जिल्हाच नव्हता, त्यामुळे मालवणचा माणूसही रत्नागिरीच्याच खात्यात पडतो.)

याचा व्यवहारात अर्थ असा, की या गटाचा दाता शहरातल्या शीतपेटीत शोधून भागत नाही. पिशवीतल्या तांबड्या पेशी 35 ते 42 दिवस टिकतात. दहा हजारांतल्या एकासाठी तेवढ्या मुदतीचा साठा कोण ठेवणार? मे 2024 मध्ये शिर्डीचा एक फुलविक्रेता इंदूरच्या रुग्णासाठी सुमारे 440 किलोमीटर गाडीनं गेला, ते यामुळेच. उलट रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडामागे जुळणी मिळण्याची शक्यता चारांत एक. म्हणून एखाद्या वाडीत असा एक माणूस सापडला, की त्याचे भाऊ-बहीण, मग चुलत-मावस भावंडं तपासून त्यांची नावं रक्तपेढीत नोंदवून ठेवणं हे सर्वांत स्वस्त काम आहे. त्यांतले निम्मे मुंबई-ठाण्यात असतील, पण चतुर्थीला घरी येतातच.